चिल्काचे मुख आणि तलाव-समित्यांचा प्रश्न

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या शहरातील तलावासाठी नगरपालिकेने समिती नेमली आहे. तिच्यात महाविद्यालयाचे दोन प्राध्यापक आहेत, पाणीपुरवठा विभागाचे अभियंते आहेत, मच्छीमार सोसायटीचे प्रतिनिधी आहेत. बैठका होतात, पाण्याचे नमुने तपासले जातात, अहवाल येतो, आणि तलाव होता तसाच राहतो. शास्त्रज्ञ आणि प्रशासन यांनी मिळून एखाद्या जलाशयाची प्रकृती खरोखर सुधारल्याचे उदाहरण आपल्या देशात आहे का, असल्यास ते कशामुळे जमले, आणि तुटपुंज्या पैशात आपण सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

उदाहरण आहे, आणि ते ओडिशातील चिल्का सरोवराचे आहे. जलमापनाच्या कामात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली आणि त्यातले काही हंगाम चिल्कावर गेले, म्हणून त्याविषयी थोड्या खात्रीने लिहू शकतो. मात्र त्याआधी माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो, कारण आपल्या समितीची अडचण बहुधा तीच आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शहराच्या तलावाचा आम्ही दोन वर्षे अभ्यास केला. विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, फॉस्फेट, शैवाल, तळाचा गाळ असे सगळे काळजीपूर्वक मोजले आणि जाडजूड अहवाल सादर केला. तो चाळून झाल्यावर तेथील अधिकाऱ्यांनी एकच प्रश्न विचारला: "यंदाच्या तरतुदीत कारंजी बसवू की नाला वळवू? दोन्ही होणार नाही." आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर देता येण्यासाठी नाल्यातून दिवसाला किती फॉस्फरस (शैवाल वाढवणारे पोषकद्रव्य) येतो आणि तळाच्या गाळातून किती सुटतो, या दोन आकड्यांची तुलना हवी होती. आम्ही तलावाचे पाणी बारा ठिकाणी मोजले होते, पण नाल्याचा प्रवाह एकदाही मोजला नव्हता. त्या वर्षी कारंजी बसली. अधिकाऱ्यांचा दोष मी मानत नाही. त्यांना मार्चअखेर निर्णय घ्यायचा होता आणि आम्ही त्यांच्या निर्णयाला उपयोगी पडेल असे काही मोजलेच नव्हते.

चिल्कावर हे उलट घडले. भारतातील हे सर्वांत मोठे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर. पावसाळ्यात त्याचा विस्तार साडेअकराशे चौरस किलोमीटरांच्या पुढे जातो आणि उन्हाळ्यात तो नऊशेच्या आसपास येतो. एवढ्या विस्ताराला खोली मात्र अगदी बेताची. बऱ्याच भागात माणूस उभा राहू शकेल इतकेच पाणी असते. उत्तरेकडून दया, भार्गवी अशा महानदीच्या शाखा गोडे पाणी आणि गाळ घेऊन येतात, पश्चिमेच्या डोंगरांतून लहान ओढे येतात, आणि पूर्वेला वाळूच्या लांबलचक पट्ट्यापलीकडे बंगालचा उपसागर आहे. समुद्राशी नाते एका अरुंद मुखातून आणि त्याला जोडणाऱ्या लांब प्रवाहमार्गातून. खारे पाणी किती आत येते आणि गोडे पाणी किती बाहेर जाते, यावर मासळी, पक्षी, गवत, डॉल्फिन आणि काठच्या गावांतील लाखभराहून अधिक मच्छीमारांची चूल अवलंबून आहे.

1981 मध्ये चिल्का रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. भारतातून त्या यादीत गेलेल्या पहिल्या दोन पाणथळ जागांपैकी ती एक. पुढच्या बारा वर्षांत परिस्थिती इतकी बिघडली की 1993 मध्ये त्याची नोंद माँट्रो नोंदवहीत झाली. ज्या रामसर स्थळांची प्रकृती ढासळत आहे अशांची ती नोंदवही. पाणी गोडे होत चालले होते, उत्तर भागात जलपर्णी आणि नळ-गवताची बेटे पसरत होती, मासळी घटत होती. कारण सर्वांना ढोबळमानाने ठाऊक होते: गाळ येतो आणि मुख बुजते. पण "गाळ येतो" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. गाळ कोठून येतो, तो थांबवायचा की काढायचा, मुख आहे तेच खोल करायचे की नवे पाडायचे, आणि नवे पाडायचे तर नेमके कोठे, हे खरे प्रश्न होते.

येथे किनाऱ्याची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. ओडिशाच्या किनाऱ्यालगत लाटांबरोबर वाळू वर्षभरात मोठ्या प्रमाणावर ईशान्येकडे सरकत असते. त्या वाळूच्या रेट्याने सरोवराचे मुखही हळूहळू त्याच दिशेला ढकलले जाते. मुख जितके दूर जाईल तितका सरोवरापासून मुखापर्यंतचा मार्ग लांबतो, आणि लांब उथळ मार्गातून जाताना भरतीचा जोर वाटेतच घर्षणाने मरतो. समुद्रावर चांगली भरती असूनही आतल्या गावाच्या धक्क्यावर पाणी वीतभरही चढत नाही. ओहोटीलाही ओढ राहिली नाही की गाळ बाहेर न जाता मार्गातच बसतो आणि मार्ग आणखी उथळ होतो. म्हणजे जुन्या मुखातली वाळू कितीही उपसली तरी मूळ दुखणे, म्हणजे मार्गाची लांबी, तसेच राहणार होते.

हे अनुमान आकड्यांनी तपासण्याचे काम ज्या संस्थांकडे गेले, त्यांत आपल्याकडच्या दोन होत्या: पुण्याजवळ खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आणि गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. भरती-ओहोटी, प्रवाह आणि क्षारता यांच्या प्रतिमान-अभ्यासातून, म्हणजे सरोवराची गणिती प्रतिकृती करून केलेल्या अभ्यासातून, निष्कर्ष निघाला की सातपडाजवळ सिपाकुदा येथे वाळूचा पट्टा कापून नवे मुख पाडावे आणि आतला मार्ग उपसून त्याला जोडून द्यावा. 23 सप्टेंबर 2000 रोजी ते मुख उघडले आणि समुद्रापर्यंतचा मार्ग 18 किलोमीटरने कमी झाला.

परिणाम लवकर दिसला. 1999-2000 मध्ये मासळीचे उत्पादन सुमारे 1,700 टनांवर आले होते. 2001-02 मध्ये ते 12,000 टनांच्या जवळ गेले. त्याचे कारण सरळ आहे. आपण ज्याला बोय म्हणतो ते मासे, कोळंबी, चिंबोऱ्या यांना आयुष्यातला काही काळ समुद्रात आणि काही काळ खाडीच्या पाण्यात काढावा लागतो. त्यांची पिल्ले मुखातून आत येतात आणि सरोवरात वाढतात. वाट मोकळी झाली आणि ती आत आली. उत्तर भागात क्षारता वाढल्याने गोड्या पाण्यातले तण मागे हटले. 2002 मध्ये चिल्काचे नाव माँट्रो नोंदवहीतून काढण्यात आले आणि त्याच वर्षी तेथील प्राधिकरणाला रामसर पाणथळ-संवर्धन पुरस्कार मिळाला.

ही कथा बहुधा इथेच संपवून सांगितली जाते. माझ्या दृष्टीने मात्र जे शिकण्यासारखे आहे ते याच्या आधी आणि नंतर आहे.

आधीचे असे की ओडिशा सरकारने 1991 मध्येच चिल्का विकास प्राधिकरण स्थापन केले होते आणि त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे ठेवले होते. तलावाचा काठ महसूल खात्याचा, पाणी जलसंपदा खात्याचे, मासे मत्स्यव्यवसायाचे आणि पक्षी वनखात्याचे, ही वाटणी सर्वत्र असते. आपल्या नगरपालिकेच्या तलावावरही ती असणारच. चिल्कावर या सर्वांना एका टेबलाशी बसवणारी आणि "तुमच्या खात्याचे उत्तर पुढच्या बैठकीत आणा" असे म्हणू शकणारी जागा निर्माण झाली. त्या काळात प्राधिकरणाची धुरा वनसेवेतील अजितकुमार पटनाईक यांच्याकडे दीर्घकाळ राहिली. मला हे फार महत्त्वाचे वाटते. दर दोन वर्षांनी अधिकारी बदलत राहिले तर शास्त्रज्ञाला दर वेळी पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते, आणि कोणता प्रश्न विचारायचा याची जाण तयार होत नाही. पटनाईकांच्या काळात प्राधिकरणाने संशोधन संस्थांना "चिल्काचा अभ्यास करा" असे मोघम काम दिले नाही. मुख पाडायचे की नाही, पाडायचे तर कोठे, असा प्रश्न हाती दिला. ज्याच्या उत्तरावर कंत्राट निघणार आहे असा प्रश्न मिळाला की शास्त्रज्ञही वेगळ्या जबाबदारीने काम करतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

नंतरचे म्हणजे मोजमाप थांबले नाही. मुख उघडल्यानंतरही सरोवराच्या उत्तर, मध्य, दक्षिण आणि मुखाकडील अशा चारही भागांत ठरलेल्या ठिकाणी नियमितपणे पाणी तपासले जात राहिले, आणि बरकुल येथे प्राधिकरणाने स्वतःचे पाणथळ संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभे केले. बाहेरची संस्था अभ्यास करून निघून गेल्यावरही नोंदवही चालू ठेवणारे हात घरचे असले पाहिजेत.

ही नोंद कशी होते ते जवळून सांगतो. पहाटे सातपडाहून होडी निघते. ठरलेल्या खुणेवर नाखवा इंजिन बंद करतो आणि बांबू तळाला टेकवतो. आधी पांढऱ्या-काळ्या चौथाईंची, जेवणाच्या ताटलीएवढी सेक्की चकती, जिने पाणी किती स्वच्छ आहे ते कळते, दोरीने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली, आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती खोली, या दोहोंची सरासरी लिहायची. मग पाण्याचा एक थेंब क्षारतामापकाच्या काचेवर ठेवायचा, झाकण मिटायचे, नळी उजेडाकडे धरायची आणि निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवरचा आकडा वाचायचा. मी पहिल्यांदा हे करत होतो तेव्हा नाखव्याने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले आणि आकडा सांगितला नाही, पण "गेल्या पंधरवड्याहून जास्त खारट, बाहेरचे पाणी इथवर आले आहे" असे सांगितले. यंत्रावरही तेच निघाले. तेव्हापासून होडीवरच्या माणसाला आधी विचारायचे आणि मग यंत्र काढायचे, असा मी नेम ठेवला. त्याचे म्हणणे आणि यंत्राचा आकडा जुळले नाहीत तर बहुतेक वेळा यंत्र तपासून घ्यावे लागले आहे.

सतत मोजण्याची गरज किती आहे ते पुढच्या वर्षांनी दाखवून दिले. वाळूचे सरकणे थांबलेले नव्हते, त्यामुळे नवे मुखही जागचे हलत राहिले आणि 2008 मध्ये किनाऱ्याने आपोआप आणखी एक मुख पाडले. ऑक्टोबर 2013 मध्ये फायलिन आणि मे 2019 मध्ये फॅनी या चक्रीवादळांनी वाळूचा पट्टा पुन्हा फोडला. अशा प्रत्येक वेळी प्राधिकरणासमोर प्रश्न येतो: हे मुख राहू द्यायचे, बुजू द्यायचे की उपसायचे? ज्यांच्याकडे मागच्या सर्व महिन्यांच्या क्षारतेची नोंद आहे त्यांना या प्रश्नाचे उत्तर काही आठवड्यांत देता येते. ज्यांच्याकडे नाही त्यांना नवा अभ्यास मागवावा लागतो आणि तो येईपर्यंत हंगाम निघून जातो.

आणखी एक गोष्ट आपल्याला थेट उपयोगी पडेल. 2012 मध्ये चिल्काचे प्रगतिपुस्तक तयार झाले. त्यात पाण्याची गुणवत्ता, मासळी आणि जैवविविधता या तीन बाबतींत सरोवराच्या प्रत्येक भागाला शाळेसारखी श्रेणी दिली गेली आणि एकूण सरोवराला ब श्रेणी मिळाली. अमेरिकेतील चेसापीक उपसागरासाठी अशी पत्रके काढणाऱ्या मेरीलँड विद्यापीठाच्या चमूची त्यात मदत होती. काही सहकाऱ्यांना ही पद्धत उथळ वाटते; विरघळलेल्या प्राणवायूचा आणि हरितद्रव्याचा आकडा एका अक्षरात कोंबला की बारकावे हरवतात, असे त्यांचे म्हणणे. बारकावे हरवतात हे खरे आहे. पण श्रेणी देण्यासाठी "चांगले म्हणजे किती" हे शास्त्रज्ञ, अधिकारी आणि मच्छीमार यांना आधी एकत्र बसून ठरवावे लागते, आणि माझ्या अनुभवात त्या बैठकीतच सर्वाधिक काम होते. मत्स्यव्यवसायाला हवी असलेली क्षारता आणि वरच्या भागातील शेतकऱ्यांना हवी असलेली क्षारता वेगवेगळी आहे, ही गोष्ट तक्त्यातल्या आकड्यात लपून राहते. श्रेणीची सीमा ठरवताना ती उघड होते आणि तिच्यावर बोलावे लागते.

आता जे जमले नाही तेही सांगणे भाग आहे, कारण चिल्काचे केवळ यश सांगून मी आपली दिशाभूल करू इच्छित नाही. पाणी सुधारल्यावर कोळंबीही वाढली, आणि कोळंबीत पैसा असल्यामुळे बांबू व जाळ्यांनी पाणी अडवून कोळंबी वाढवण्याचे घेर, ज्यांना तेथे घेरीच म्हणतात, पुन्हा फोफावले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये चिल्का आणि पुलिकत या सरोवरांपासून 1,000 मीटरच्या आत कोळंबी-संवर्धनाला मनाई केली होती. त्याहीआधीपासून पारंपरिक मच्छीमार आणि बाहेरून आलेले कोळंबी व्यावसायिक यांच्यात पाण्याच्या हक्कावरून तीव्र संघर्ष होता, आणि मे 1999 मध्ये सोरणा गावात पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. म्हणजे ज्या काळात प्रतिमानावर मुखाची जागा शोधली जात होती त्याच काळात काठावर रक्त सांडत होते. कोणत्या गावाने कोठे जाळे टाकायचे हा प्रश्न भरती-ओहोटीच्या समीकरणातून सुटत नाही. घेरी हटवण्याच्या मोहिमा होतात आणि घेरी परत येतात. शास्त्रज्ञाने येथे एवढेच करावे की घेरींमुळे प्रवाह किती अडतो आणि बारीक आसाच्या जाळ्यांत किती पिल्ले जातात, हे मोजून स्वच्छ शब्दांत मांडावे. हक्कांचा निवाडा आकड्यांच्या आडून करण्याचा मोह टाळावा. तो निवाडा लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींचा आणि न्यायालयांचा आहे.

याच्या शेजारी मंगळाजोडीचे उदाहरण ठेवावेसे वाटते. उत्तर काठावरचे हे गाव पक्ष्यांच्या शिकारीसाठी ओळखले जात असे. तेथील शिकारीच पुढे पक्ष्यांचे राखणदार आणि वाटाडे झाले, आणि आज थंडीत लोक तेथे होडीतून पक्षी पाहायला जातात. हे काम मुख्यतः गावातल्या आणि जवळच्या कार्यकर्त्यांनी केले. कोणत्याही प्रतिमानाने ते सुचवले नव्हते. पक्षिगणना करणाऱ्यांना मात्र त्याचा मोठा उपयोग झाला, कारण कोणते बदक कोणत्या आठवड्यात कोणत्या दलदलीत उतरते हे जुन्या शिकाऱ्याइतके कोणालाच माहीत नसते.

महाराष्ट्रातले एक उदाहरण येथे तुलनेला घेतो. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा नमुने नागपूरच्या नीरीकडे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे) आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आल्याचे निष्पन्न झाले. काम चोख झाले. परंतु ते "काय झाले" या प्रश्नाचे उत्तर होते. "काय करावे" हा प्रश्न, म्हणजे विवरात उतरणारे झऱ्यांचे गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी किती प्रमाणात येऊ द्यायचे, याचे उत्तर एका उन्हाळ्याच्या नमुन्यांवरून देता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर स्थळ झाले. तेथे झऱ्यांचा प्रवाह, पाण्याची पातळी आणि क्षारता यांची वर्षानुवर्षांची अखंड नोंद राहावी, असे मला मनापासून वाटते, कारण त्या विवरातल्या अल्कधर्मी पाण्यासारखे पाणी दुसरीकडे शोधून सापडणार नाही.

आता आपल्या तलावाविषयी. समितीच्या पुढच्या बैठकीत प्राध्यापकांना अहवाल मागू नका. आधी मुख्याधिकाऱ्यांना आणि अभियंत्यांना विचारा की येत्या दोन वर्षांत तलावाबाबत त्यांना प्रत्यक्ष कोणते निर्णय घ्यावे लागणार आहेत. गाळ काढायचा का, नाला वळवायचा का, गणेश विसर्जनासाठी वेगळा हौद बांधायचा का, मत्स्यबीज कोणते सोडायचे, सांडव्यावरची पातळी किती ठेवायची, असे पाच-सहा निर्णय निघतील. ते फळ्यावर लिहा. मग प्राध्यापकांना विचारा की यापैकी प्रत्येकासाठी कोणता एक आकडा कळला तर निर्णय इकडचा तिकडे होऊ शकेल. ज्या निर्णयाला कोणताही आकडा हलवू शकत नाही, कारण तो आधीच ठरलेला आहे, त्यावर मोजमापाचा पैसा घालू नका. जो हलू शकतो त्यावरच सगळा जोर लावा. नेतृत्व कोणी करावे असा वाद निघाला तर ते प्रशासनाकडेच असावे असे माझे स्पष्ट मत आहे. शास्त्रज्ञाने अध्यक्ष होऊ नये, कारण निर्णयाचे उत्तरदायित्व त्याच्याकडे नसते आणि असल्यासारखे वागणे तलावासाठी घातक ठरते. मच्छीमार सोसायटीच्या प्रतिनिधींना मात्र शेवटच्या पाच मिनिटांत आभारापुरते बोलवू नका; फळ्यावरची यादी तयार होत असताना ते बोलले पाहिजेत.

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या वर्षी तीन गोष्टी पुरेशा आहेत. सांडव्याजवळ पातळी मोजण्याची रंगवलेली पट्टी, नाल्याच्या तोंडाशी प्रवाह मोजण्यासाठी काँक्रीटचा लहान खाचेचा बंधारा, आणि एक सेक्की चकती, जी कोणत्याही लोहाराकडून पत्र्याची वीस सेंटिमीटर व्यासाची कापून घेऊन रंगवता येते. दर सोमवारी सकाळी त्याच माणसाने, त्याच ठिकाणी, त्याच वेळी नोंद करावी. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की त्या दिवशी सोमवार नसला तरी नाल्यावर जाऊन दर तासाला प्रवाह मोजावा आणि नमुना घ्यावा, कारण शहरी तलावात वर्षभरातला मोठा भार अशाच थोड्या तासांत येऊन पडतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला फॉस्फरस तपासण्यासाठी ते नमुने त्याच दिवशी, बर्फात ठेवून पोचले पाहिजेत. याची व्यवस्था मे महिन्यातच लावून ठेवा, आणि प्रयोगशाळा सुटीच्या दिवशी कोण उघडणार त्याचे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.